तिशीनंतरचीं मुरुमें



नभोवाणीवरून बोलणारा माणूस ऐकणाऱ्यांस दिसत नाहीं, ही एरवीं या माध्यमाची उणीव मानली जाते. आजच्या विषयापुरती मला ती सोय वाटते. चेहऱ्याविषयीं बोलावयाचें आहे. आणि ज्यांच्याकरितां बोलावयाचें आहे, त्यांतील पुष्कळांना आपला चेहरा कोणीं पाहूं नये असेंच वाटत असतें. माझ्या दवाखान्यांत येणारीं अशीं माणसें बहुधा उजेडाकडे पाठ करून बसतात. त्वचारोगांची डॉक्टर म्हणून मला त्यांना खिडकीकडे तोंड करावयास सांगावें लागतें, आणि इतक्या वर्षांनंतरही तें सांगतांना थोडा संकोच होतो. आज तसें कोणाला सांगावें लागणार नाहीं.

विषय मुरुमांचा आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या मुरुमांचा नव्हे. तीस, पस्तीस, प्रसंगीं पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीपुरुषांच्या तोंडावर येणाऱ्या मुरुमांचा. आपल्या भाषेंत या विकाराला 'तारुण्यपीटिका' असें एक भारदस्त नांव आहे, आणि निम्मा घोटाळा या नांवानेंच केला आहे अशी माझी समजूत झाली आहे. नांवांत तारुण्य आहे; तेव्हां तारुण्य सरलें कीं पीटिकाही सरल्या पाहिजेत, आणि न सरल्या तर त्या व्यक्तीचेंच कांहीं तरी चुकत असलें पाहिजे, असा तर्क घराघरांतून चालतो. सुश्रुतसंहितेंत क्षुद्ररोगांच्या प्रकरणांत यांना 'मुखदूषिका' म्हटलें आहे आणि सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. ज्यांनीं सांवरीचें कोवळें खोड जवळून पाहिलें आहे त्यांना ती उपमा पटेल. परंतु तेथेंही या पुळ्या तरुणांच्याच म्हणून सांगितल्या आहेत. मी आपला साधा 'मुरुमें' हाच शब्द वापरणार आहें. रस्त्यावर पसरतात तो मुरूम निराळा, हें सांगावयास नकोच. तथापि ज्याच्या तोंडावर हीं येतात त्याला दोहोंमधलें साम्य कळतें.

ही गोष्ट विरळा नाहीं. अमेरिकेंत हजारांवर प्रौढ स्त्रीपुरुषांना विचारून केलेली एक पाहणी २००८ सालीं प्रसिद्ध झाली. तींत तिशींतील स्त्रियांपैकीं शेंकडा ३५, आणि चाळिशींतील स्त्रियांपैकीं शेंकडा २६ जणींनीं आपल्याला अजून मुरुमें येतात असें सांगितलें. पन्नाशी गांठलेल्यांतही शेंकडा १५ होत्या. पुरुषांचे आंकडे याच्या निम्म्याच्या आसपास होते. देश परका आहे हें खरें, पण माझ्या दवाखान्यांतील अनुभवावरून मला ते आंकडे अतिशयोक्तीचे वाटत नाहींत. पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आई येते, मुलीचें बोलणें संपतें, चिठ्ठी लिहून होते, आणि दाराशीं गेलेली आई परत वळून हळूच विचारते, "माझ्या हनुवटीवरच्यांना हेंच मलम चालेल का?" स्वतःसाठीं म्हणून ती कधींच आली नसती.

मुरूम होतें कसें, हें प्रथम सांगतें. त्वचेंत केंसांच्या मुळांपाशीं बारीक तैलग्रंथि असतात. चेहरा, छाती आणि पाठ येथें त्या अधिक. त्यांतला स्निग्ध स्राव एका अरुंद नळींतून त्वचेच्या पृष्ठभागावर येतो आणि त्वचा मऊ ठेवतो. या नळीच्या अस्तराच्या पेशी नित्य झडून स्रावाबरोबर बाहेर पडाव्या, तशा न पडतां त्या एकमेकींना चिकटून बसल्या म्हणजे नळीला बूच बसतें. बुचावर त्वचा मिटलेली असली तर पांढरा दाणा दिसतो, तोंड उघडें असलें तर काळा ठिपका. हा काळा रंग मळाचा नव्हे. तो आपल्याच त्वचेंतील रंगद्रव्याचा आणि हवा लागून काळवंडलेल्या स्निग्ध पदार्थाचा असतो. म्हणून साबणानें कितीही घासलें तरी तो जात नाहीं, घासणाऱ्याची त्वचा मात्र जाते. बुचामागें स्राव सांचतो. तेथें जंतु वाढतात. हे जंतु कोठून तरी बाहेरून आलेले नसतात. निरोगी माणसाच्या त्वचेवरही ते असतातच. ते सांचलेल्या स्रावांत वाढूं लागले आणि शरीर त्यांच्यावर चालून गेलें, कीं लाली, सूज, ठणका आणि पू हा पुढचा प्रकार होतो.

यांतील एक गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पहिलें बूच बसल्यापासून मुरूम आरशांत दिसेपर्यंत कित्येक आठवडे गेलेले असतात. आज सकाळीं जें दिसलें, त्याला काल रात्रीचीं भजीं जबाबदार नसतात. उपचाराविषयीं मी पुढें जें सांगणार आहें, तें बहुतेक सारें या एका गोष्टीवर उभें आहे.

आतां, वाढत्या वयांत शरीरांतील अंतःस्राव, म्हणजे हॉर्मोन्स, उसळी घेतात आणि तैलग्रंथि जोरानें काम करूं लागतात, हें सर्वांना ठाऊक आहे. मग तिशींत काय होतें? स्त्रियांच्या शरीरांतही पुरुषी हॉर्मोन्सचें अल्प प्रमाण असतें, आणि कित्येक स्त्रियांच्या तैलग्रंथि तेवढ्या अल्प प्रमाणालाही फार संवेदनशील असतात. रक्ततपासणींत सर्व आंकडे ठीक निघतात आणि मुरुमें मात्र येत राहतात, त्याचें कारण बहुधा हेंच. अशा स्त्रियांचीं मुरुमें कपाळावर कमी आणि हनुवटी, जबड्याची कड व मानेचा वरचा भाग येथें अधिक असतात. खोल, दुखणारीं असतात. आणि मासिक पाळीच्या आधींच्या आठवड्यांत वाढतात. यांच्या जोडीला पाळी महिनोनमहिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केंस येत असतील, डोक्याचे केंस विरळ होत असतील, तर मात्र स्वस्थ बसूं नये. शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथल या दोघां डॉक्टरांनीं १९३५ सालीं ज्या विकाराचें वर्णन केलें आणि ज्याला आज सर्वत्र पीसीओएस म्हणतात, त्याचीं हीं लक्षणें असूं शकतात. तो विकार केवळ चेहऱ्याचा नसून त्याचा संबंध मधुमेहाशीं आणि संततीशींही पोंचतो. तेथें चेहरा ही नुसती पाटी आहे. मजकूर आंतला आहे.

दुसरीं कारणेंही आहेत. आईबापांना तीं झालीं असलीं तर मुलांना होण्याचा संभव अधिक. क्षयावरील आयसोनायझिड, मनोविकारावरील लिथियम, पोटांत घेतलेलीं स्टेरॉइडें, यांनीं मुरुमांसारख्या पुळ्या उठतात. म्हणून डॉक्टर 'दुसरें कांहीं औषध चालू आहे का' असें विचारतो तेव्हां तो वेळ काढीत नसतो. तोंडाला लावावयाची जाड प्रसाधनें, आणि केंसांचें तेल. तेलाचें नांव काढलें कीं घरांतील वडील मंडळी माझ्यावर नाराज होतात. मी तेल सोडा म्हणत नाहीं. परंतु केंसांना लावलेल्या चोपड पदार्थांनीं कपाळावर व कानशिलांवर बारीक दाण्यांची रांग उठते, याचें रीतसर वर्णन १९७० सालींच झालेलें आहे. रात्रीं तेल चोपडून तीच उशी महिनाभर वापरणाऱ्यांनीं आधीं उशीचा अभ्रा बदलून पाहावा.

आहाराविषयीं मला जितके प्रश्न विचारतात तितके दुसऱ्या कशाविषयींही विचारीत नाहींत. येथें एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. १९६९ सालीं अमेरिकेंत ६५ जणांवर एक प्रयोग झाला. त्यांतील कांहीं कुमारवयीन होते, कांहीं तुरुंगांतील कैदी. त्यांना कांहीं आठवडे रोज भरपूर चॉकलेट असलेली वडी दिली, कांहीं आठवडे चॉकलेट नसलेली वडी दिली, आणि मुरुमांत फरक पडला नाहीं असा निष्कर्ष निघाला. चॉकलेट निर्दोष सुटलें, आणि त्याबरोबर सगळा आहारच निर्दोष सुटला असें डॉक्टर मंडळी पुढें कित्येक वर्षें सांगत राहिली. गंमत अशी कीं, तुलनेकरितां दिलेल्या दुसऱ्या वडींतही साखर आणि स्निग्धांश जवळजवळ तितकाच होता. आरोपीच्या निर्दोषपणाबद्दल त्याच्या जुळ्या भावाची साक्ष काढावी, त्यांतलाच हा प्रकार. पुढें २००७ सालीं ऑस्ट्रेलियांत ४३ तरुणांवर बारा आठवडे प्रयोग झाला. ज्यांच्या आहारांतून साखर, मैदा यांसारखे रक्तांतील शर्करा झपाट्यानें चढविणारे पदार्थ कमी केले, त्यांचीं मुरुमें इतरांपेक्षां अधिक कमी झालीं. तेव्हां गोडधोड आणि मैदा आवरता घेणें हें शहाणपणाचें आहे. व्यायामशाळेंत जाणाऱ्या तरुणांनीं दुधापासून काढलेल्या प्रथिनांची भुकटी थांबवून पाहणेंही शहाणपणाचें आहे. पण आहार हें सहायक. त्यानें एकट्यानें लढाई जिंकली असें मीं फारसें पाहिलेलें नाहीं. 'उष्ण' म्हणून बदनाम झालेल्या मेथी, वांगें, तीळ यांच्याविरुद्ध माझ्यापाशीं कांहीं पुरावा नाहीं. आंब्याविषयीं दर वैशाखांत विचारणा होते. दोन फोडी खुशाल खाव्या.

आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः मी हें भाषण स्वीकारलें, तिच्याकडे वळतें.

एका शाळेंतील शिक्षिका माझ्याकडे आल्या होत्या. वय छत्तीस. वर्षातून दोन-चारदां हनुवटीवर मुरुमें येत, त्यांवर शेजारणीनें एका ट्यूबचें नांव सांगितलें. कोपऱ्यावरच्या दुकानांत ती मिळाली. चिठ्ठी कोणीं मागितली नाहीं, किंमतही थोडी. आठ दिवसांत मुरुमें बसलीं, रंग उजळला, शाळेंत दोघीतिघींनीं नांव विचारून घेतलें. बाईंनीं ती ट्यूब दोन वर्षें लावली. मधून मधून त्या बंद करीत. बंद केली कीं दोन-तीन दिवसांत चेहऱ्याची आग होई, लाली चढे, एकसारख्या बारीक पुळ्यांचें पीक येई. पुन्हां लावली कीं शांत. यावरून औषध आपल्याला मानवतें असाच त्यांचा समज झाला. माझ्याकडे आल्या तेव्हां गालांची त्वचा पातळ होऊन तींतल्या रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसत होत्या, गालांवर लव वाढली होती, आणि शाळेच्या पटांगणांत प्रार्थनेला दहा मिनिटें उन्हांत उभें राहणेंही त्यांना सोसत नव्हतें. वर्गांत आपण आतां फळ्यावर जास्त लिहितों, असें त्या मला म्हणाल्या. कां, तें मला लगेच समजलें नाहीं. फळ्यावर लिहितांना मुलांकडे पाठ असते.

त्या ट्यूबमध्यें तीव्र स्टेरॉइड होतें. स्टेरॉइड हें वाईट औषध नव्हे; इसब, सोरायसिस अशा विकारांत, योग्य जागीं, मोजके दिवस, डॉक्टरच्या नजरेखालीं तें फार मोलाचें आहे, आणि मी तें रोज लिहून देतें. पण तें सूज दाबतें, मुरुमाचें मूळ दाबीत नाहीं. रक्तवाहिन्या आकुंचित होतात म्हणून चेहरा गोरा दिसतो. कांहीं आठवड्यांनीं त्वचेला त्याची संवय लागते, आणि मग तें औषध स्वतःच मुरुमें उत्पन्न करूं लागतें. ही एका बाईची दुर्दैवी कहाणी नव्हे. भारतांतील निरनिराळ्या शहरांतील त्वचातज्ज्ञांनीं चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले. त्यांपैकीं ४३३ जण, म्हणजे सुमारें सातांत एक, तोंडाला स्टेरॉइड लावीत होते, आणि त्यांतील बहुसंख्यांना तें सुचविणारा मनुष्य डॉक्टर नव्हता. ही पाहणी २०११ सालीं प्रसिद्ध झाली. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अधिसूचना काढून अशीं चौदा स्टेरॉइड मलमें चिठ्ठीवांचून विकण्यास बंदी केली. कायदा झाला हें उत्तम. पण कायदा कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावयास वेळ लागतो, आणि शेजारणीला तर तो लागूच नाहीं.

म्हणून ट्यूबवरचीं बारीक अक्षरें वाचावीं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकीं एखादें नांव दिसलें, तर तें मुरुमांसाठीं नव्हे. गोरेपणासाठीं म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि गजकर्णावरील अनेक मिश्र मलमांत हींच नांवें असतात. आणि जे कोणी हें ऐकत असतां दचकले असतील त्यांना माझी विनंती अशी, कीं महिनोनमहिने लावलेली अशी ट्यूब रागाच्या भरांत आजच फेकून देऊन घरीं बसूं नये. ती बंद केली कीं पहिले कांहीं आठवडे चेहरा आधींपेक्षां वाईट दिसतो, आणि याच आठवड्यांत माणसें धीर सोडून पुन्हां दुकानांत जातात. हा काळ डॉक्टरच्या सोबतीनें काढावा. त्या शिक्षिकेला आठ महिने लागले. त्यांतले पहिले दोन तिच्याइतकेच मलाही लांब वाटले.

खरे उपचार आहेत, आणि चांगले आहेत. त्यांचा दोष एकच: ते सावकाश काम करतात. 'अ' जीवनसत्त्वापासून बनविलेलीं मलमें, ट्रेटिनॉइन किंवा ॲडापलिन, हीं बूच बसूंच देत नाहींत. अर्थात् जीं बुचें आधींच बसलीं आहेत तीं सैल होऊन वर येऊन जावीं लागतात. म्हणून पहिल्या महिन्यांत कांहींच घडत नाहीं, क्वचित् थोडें वाढतेंच, आणि खरा निकाल तीन महिन्यांनीं कळतो. हें मलम रात्रीं, वाटाण्याएवढें, सबंध चेहऱ्याला लावावयाचें असतें. मुरुमावर टिकली लावल्यासारखें नव्हे. प्रारंभीं एक दिवसाआड लावावें, कारण तिशीनंतरची त्वचा सोळाव्या वर्षाच्या त्वचेइतकी तेलकट नसते आणि लवकर सोलवटते. गर्भवती स्त्रियांनीं व ज्यांना मूल हवें आहे त्यांनीं हें लावूं नये. त्यांच्यासाठीं ॲझेलेइक ॲसिडासारखीं निराळीं, निर्धोक औषधें आहेत. बेंझॉइल पेरॉक्साइड जंतूंवर काम करतें, आणि टॉवेलांच्या रंगावरही करतें, तेव्हां टॉवेल पांढराच घ्यावा. प्रतिजैविकाच्या गोळ्या किंवा मलम एकटेंच, महिनोनमहिने घेऊं नये. जंतु त्याला दाद देईनासे होतात. हॉर्मोन्सचा संबंध असलेल्या स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोनचा चांगला उपयोग होतो. मुळांत रक्तदाबाकरितां दिल्या जाणाऱ्या या औषधाची परीक्षा ब्रिटनमध्यें ४१० स्त्रियांवर झाली आणि तिचा निकाल २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतही सहा महिन्यांनंतरचा फरक तीन महिन्यांपेक्षां अधिक स्पष्ट होता. हेंही गर्भारपणांत चालत नाहीं.

हट्टी, खोल खड्डे पाडणाऱ्या मुरुमांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आहेत. १९८२ सालीं अमेरिकेंत ह्या प्रथम विक्रीस आल्या, आणि तोंवर ज्यांना कशानेंच गुण आला नव्हता अशांचे चेहरे त्यांनीं स्वच्छ केले. परंतु त्या चालू असतां गर्भ राहिला तर मुलाला गंभीर व्यंगें होतात. स्त्रियांनीं गोळ्या घेत असतां आणि थांबविल्यानंतर एक महिनाभर गर्भधारणा कटाक्षानें टाळली पाहिजे. बहिणीच्या उरलेल्या गोळ्या घेण्याचा प्रकार मीं पाहिला आहे; त्याहून धोक्याची काटकसर मला ठाऊक नाहीं.

घरगुती उपायांविषयीं थोडेंच सांगतें. डाळीचें पीठ किंवा मुलतानी माती यांनीं तेलकटपणा घटकाभर कमी होतो. जोरानें घासलें नाहीं तर अपायही नाहीं. लिंबाचा रस, खाण्याचा सोडा, दांतांची पेस्ट हीं मात्र तोंडाला लावूं नयेत. त्वचा भाजते, आणि आपल्या सांवळ्या कांतीवर भाजल्याचा डाग मुरुमापेक्षां अधिक दिवस राहतो. नखानें फोडण्याचेंही तेंच. मुरुमानंतरचा तपकिरी डाग कांहीं महिन्यांत फिका होतो, आणि उन्हापासून रक्षण करणारें मलम लावलें तर लवकर होतो. पण खड्डा पडला तर तो आपण होऊन भरत नाहीं.

आणि घरांतलें बोलणें. "लग्न झालें कीं जातील" हें वाक्य ऐकून ज्यांचीं लग्नें झालीं, मुलें झालीं, आणि तीं मुलें शाळेंतही जाऊं लागलीं, अशा स्त्रिया माझ्याकडे येतात. "तोंड नीट धूत जा" असें त्यांना अजून ऐकावें लागतें. त्या दिवसांतून सहा वेळां धूत असतात. दोन वेळां सौम्य साबणानें पुरें, हें मलाच त्यांना सांगावें लागतें. पुरुषांचें दुःख आणखी मुकें असतें. चाळिशीच्या गृहस्थानें मुरुमांची तक्रार करावी हें त्याचें त्यालाच हास्यास्पद वाटतें. तो म्हणतो, पाठीला खाज सुटते म्हणून आलों. सदरा काढल्यावर सारें कळतें.

माझा वेळ संपत आला. ज्यांना डॉक्टरकडे जावयाचें असेल त्यांनीं एक करावें. आजवर तोंडाला जें जें लावलें तें सारें, क्रीम, तेल, ट्यूब, शेजारणीनें वाटींत दिलेला लेप सुद्धां, एका पिशवींत घालून बरोबर न्यावें. 'पांढऱ्या रंगाचें, निळें झाकण असलेलें' या वर्णनाचीं मलमें बाजारांत शेंकड्यांनीं आहेत. ट्यूब रिकामी झाली असली तरी चालेल. नांव तिच्यावर असतेंच.